चुन्याची रेघ

राहीबाईनं सोप्यातून अंगणात पाय टाकला आणि तसाच वर उचलला. टाचेला गार काहीतरी चिकटलं होतं. वाकून तिनं बोट फिरवलं, नाकाशी नेलं. चुना. अजून ओला होता.

"सुले, ह्या माणसाला आता दावं लाव," ती आतल्या सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. "परवा चुलीचा ओटा, काल हिरीच्या पायऱ्या आन् आज उंबरा. उद्या म्हशीच्या शिंगांला फासंल."

ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो तिचा धाकटा दीर मानसिंग गोठ्याच्या कडेला बसून फडक्यानं बोटं पुसत होता. त्यानं मान वर केली नाही.

"फलटणीत असंच असतंय, वैनी. दगुड दिसला की चुना मारायचा."

"मग फलटणीतच ऱ्हायाचं हुतं. पेन्शन कशाला घेतलीस?"

मानसिंगला पलटणीतून येऊन दहा वर्षं झाली होती. मानमोडीच्या साथीत बायको गेली तेव्हा तो वीस वर्षांचा होता. पुढच्याच साली भरती झाला आणि सतरा वर्षांनी पेन्शन, एक पत्र्याची ट्रंक आणि लाल फेटा घेऊन रहिमतपूरच्या स्टेशनावर उतरला. पुन्हा लग्न केलं नाही. राहीबाई अकराव्या वर्षी ह्या घरात नांदायला आली तेव्हा तो चार वर्षांचा होता, नाक वाहणारा, आणि तिच्याच कडेवर वाढला. म्हणून चारचौघांत ती त्याला भावजी म्हणे, घरात मानसिंगा, आणि डोकं फिरलं की मान्या.

गेला पंधरवडाभर तो मान्याच होता. चुन्याचं वेड तीन दिवसांचं, पण त्याआधीच त्याला भालदारकी लागली होती. अंगणात कुणी पाय टाकला की ह्याची आरोळी ठरलेली. हरणाबाई आल्यात, वैनी, ताकाला. अर्जुना आलाय, वैनी, मळ्यातनं. पोटच्या पोराचं नाव आईला सांगायचं. जेवायला बसतानाही ह्याची तऱ्हा. इतकी वर्षं तिच्या डाव्या हाताला बसणारा माणूस दिवाळीपासून उठून उजव्या बाजूला, चुलीच्या धगीत पाट मांडून बसायला लागला होता. घाम गाळत भाकरी खायची, पण जागा सोडायची नाही. सगळं गाव सांगत होतं की ऊस गाळून गाळून घराला पैसा आला आणि म्हातारपणी मानसिंगचं डोकं गेलं.

राहीबाईला ह्यातलं एकच खरोखर झोंबत होतं, ती आरोळी. जशी काही हिला दिसतच नाही.

कारण दिसत नव्हतं. डाव्या डोळ्यावर दिवाळीच्या सुमारास सायीसारखं काहीतरी धरलं होतं आणि ते महिन्या-महिन्यानं घट्ट होत चाललं होतं. उजवा शाबूत होता, तोही दिवेलागणीला दगा द्यायचा. पण हे तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं आणि होऊ द्यायचं नव्हतं. ती मीठ चवीनं ओळखत होती, धान्य हातानं. तीन दिवसांपूर्वी नडगी जात्याच्या खुंट्यावर अशी आपटली की डोळ्यांसमोर काजवे आले, पण समोर सुला दळत होती, दारात मानसिंग उभा होता. तिनं हातसुद्धा लावला नाही. उलट सुलेलाच म्हणाली, पीठ जाडं पडतंय.

तिची सासू साळूबाई अशीच आंधळी झाली होती. एका श्रावणात तिनं पुरणात मीठ घातलं आणि त्याच दिवशी तिच्या कमरेच्या किल्ल्या सोडवून घेतल्या गेल्या. मग माजघराच्या कोपऱ्यात एक घोंगडं आणि त्यावर नऊ वर्षं. कोण आलं, कोण गेलं, आज काय शिजलं, हे ती सारखी विचारायची आणि कुणी उत्तर द्यायचं नाही. किल्ल्या सोडवून घेणारे हात राहीबाईचेच होते. आता त्या किल्ल्या तिच्या कमरेला होत्या आणि सुलाही काही वाईट पोरगी नव्हती. राहीबाईसुद्धा वाईट नव्हती.

*

चुन्याच्या चौथ्या दिवशी मानसिंग पोस्टातलं वर्तमानपत्र घेऊन आला आणि न जेवता झोपला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तो तिच्या उजव्या अंगाला येऊन बसला.

"वैनी, पेटीतलं कडं पायजे."

राहीबाई लसूण सोलत होती. तिचे हात थांबले.

कडं चांदीचं होतं, सासऱ्यांचं. तात्याबा पैलवान होते आणि यात्रेच्या मैदानात त्यांनी मिरजेकडचा एक नावाजलेला गडी चितपट केला तेव्हा ते त्यांच्या मनगटात चढवलं गेलं. बोटाएवढं जाड. घरात दुसऱ्या कुणाच्या हातात ते बसलं नाही म्हणून पेटीत पडून होतं. त्या पेटीची किल्ली राहीबाईच्या कमरेला होती. कडं कुणाच्या हातात जायचं हे जोवर ती ठरवत होती, तोवर घर तिचं होतं.

"कुणासाठी?"

"बिवलकरासाठी. सांगलीत शेवटचा डाव खेळतोय. पेपरात आलंय. त्याच्यानंतर बंद."

हे नाव ह्या घरात नवीन नव्हतं. नारायणराव बिवलकर सांगलीच्या कचेरीतला कारकून आणि चेंडूफळीतला मोठा गडी. मानसिंगनं पलटणीत असताना त्याला बेळगावला पहिल्यांदा पाहिलं, त्याला बावीस वर्षं झाली होती. तेव्हापासून जिथं जमेल तिथं तो त्याचा खेळ बघायला जायचा. ट्रंकेच्या झाकणाला आतून त्याचे छापील फोटो खळीनं चिकटवलेले होते. गोठ्यातल्या पांढऱ्या खोंडाचं नाव बिवल्या होतं. पण इतक्या वर्षांत तो त्या माणसाशी एक शब्दही बोललेला नव्हता. मैदानाच्या कडेला लिंबाखाली बसायचं, बघायचं, उठून गाडी धरायची.

"त्यो काय पैलवान हाय व्हय?" राहीबाई म्हणाली.

"न्हाई."

"जितनार हाय?"

"ठावं न्हाई. बहुतेक न्हाई."

"तुझ्या बानं काय सांगून ठेवलंय? कडं जितणाऱ्याच्या हातात. पडलेल्याला नारळ देत्यात."

मानसिंगनं तिच्यापुढची एक लसणीची पाकळी घेतली, सोलली, तिच्या हाताशी ठेवली. मग तो बेळगावची गोष्ट सांगू लागला. ती तिनं शंभरदा ऐकली होती. साहेबलोकांचा एक ताडमाड गोलंदाज, लाल कातडी चेंडू, वरवंट्यासारखा जड. समोर हे बामणाचं काडीसारखं पोरगं. चेंडू असा छातीवर बसला की कडेला पहाऱ्यावर उभ्या असलेल्या मानसिंगला आवाज आला. पोरगं जागचं हललं नाही. चारी बाजूंचे साहेब बघत होते. त्यानं छातीला हात लावला नाही, चोळलं नाही, फळी फक्त पुन्हा जमिनीला टेकवली आणि उभं राहिलं.

"चोळलं न्हाई, वैनी," मानसिंग नेहमीसारखा तिथंच थांबला.

इतर वेळी राहीबाई ह्या ठिकाणी काहीतरी टोचून बोलायची. आज तिचा हात नकळत नडगीकडे गेला आणि मध्येच थांबला. बावीस वर्षं ह्या माणसाचं नाव आपल्या घरात जेवतंय, तिच्या मनात आलं, आणि आपण त्याचं तोंड पाहिलेलं नाही. हा इतका शहाणासुरता दीर, लढाई पाहून आलेला, ह्याला त्या काडीत दिसलं तरी काय?

"मी येणार," ती म्हणाली.

"कुठं?"

"सांगलीला. माणूस बघीन. मग कडं द्यायचं का न्हाई ते ठरवीन. आन् पेटी मीच उघडीन."

अर्जुनानं गुऱ्हाळ चालू असल्याचं निमित्त सांगून पाहिलं. बायामाणसं असला खेळ बघत नाहीत असंही म्हणून पाहिलं. राहीबाईनं त्याला विचारलं की गुळाच्या काहिलीत ती रोज उतरते की काय. त्यावर तो गुऱ्हाळाकडे चालू लागला.

*

आगगाडीनं आणि मग टांग्यानं ती दोघं सांगलीला पोचली तेव्हा उन्हं वर आली होती. मैदानाच्या एका अंगाला लिंब होता. मानसिंगनं खाली घोंगडी पसरली आणि तिला बसवून स्वतः तिच्या उजव्या हाताला बसला. कडं तिच्या कनवटीला होतं, पदराच्या टोकात बांधून खोचलेलं. बसताना ते पोटाला टोचलं.

आधी तिला नुसते पांढरे ठिपके दिसले, शेतात पाणी सोडल्यावर बगळे उतरावेत तसे. मग उजवा डोळा सरावला आणि ठिपक्यांना हातपाय आले.

"त्या दोघांला एवढी माणसं घेरून का उभी हायती?"

मानसिंगनं सांगितलं. तिनं आणखी विचारलं. एकजण पळत येऊन फेकतो आणि बाकीचे नुसते उभे, त्यांना कोण जेवायला घालतं? चेंडू एवढा लांब गेला तर दुसरा का घेत नाहीत? पलीकडे बसलेले दोन कॉलेजवाले तोंड दाबून हसत होते. मानसिंग हसला नाही. त्यानं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं, हिशेबानं, जसं पलटणीत नव्या भरतीला शिकवत असेल तसं. खेळ तिला फारसा कळला नाही, पण एवढं कळलं की तीन काठ्या राखायच्या आहेत आणि राखणारा एकटा आहे. हे काही अवघड नव्हतं. घर राखणं ह्याहून वेगळं नसतं.

एकजण बाद झाला. माणसं सावरून बसली. कुणीतरी म्हणालं, आता येईल. पण आधी आला तो एक म्हातारा माळी, हातात डबा आणि कुंचा घेऊन. वाकून त्यानं एका बाजूच्या काठ्यांपुढे चुन्याची रेघ ओढली. एकदा ओढून त्याचं समाधान झालं नाही. पुन्हा ओढली, बोटभर जाड केली.

"तुझ्यासारखाच येडा ह्यो बी," राहीबाई म्हणाली. "ती रेघ कशाची?"

"त्याचं घर हाय ते. खेळणाराचं. रेघंच्या आत पाय असला की त्याला कुणी पळताना बाद करू शकत न्हाई."

"म्हंजी उंबरा."

"व्हय," मानसिंग जरा थांबून म्हणाला. "उंबराच."

तो आला तेव्हा सारं मैदान उभं राहिलं. मानसिंग बसून राहिला. त्याचे हात गुडघ्यांवर होते आणि जबडा हलत होता. राहीबाईनं डावा डोळा मिटून उजव्यानं निरखलं. पन्नाशीचा, वाळलेला, मानेच्या शिरा वर आलेला माणूस. ह्याला कुणी आपल्या घरी जोर मारायला लावले असते तर दहाव्या जोराला तोंडातून फेस आला असता. तो चालत गेला, रेघेपाशी थांबला आणि पायाच्या अंगठ्यानं ती चाचपली. मग फळीच्या टोकानं. मग उभा राहिला.

"ह्यो असा वाकडा का उभा ऱ्हातोय?" तिनं विचारलं. "मगाचा गडी खांदा पुढं करून हुता. ह्यानं सारी छातीच फिरवली."

 पहिल्यांदाच मानसिंगनं तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं.

तिनं पुन्हा पाहिलं. छाती फिरवलेली आणि हनुवटी थोडी डाव्या खांद्याकडे. कोंबडी दाण्याकडे एका डोळ्यानं बघते तशी. चेंडू टाकणारा पळत निघाला की ती हनुवटी आणखी केसभर वळायची. नीट दिसावं म्हणून राहीबाईही पुढं झुकली, आणि झुकल्यावर तिच्या लक्षात आलं की तिची स्वतःची हनुवटीही तशीच, तेवढीच, त्याच बाजूला वळली आहे.

ती ताठ झाली. पदर पुढं ओढून घेतला.

 पलीकडच्या टोकाला बिवलकराच्या जोडीला एक तरणा खेळाडू होता. तो चेंडू गेला की दर वेळी काहीतरी ओरडायचा, थांबा म्हणायचा, या म्हणायचा, आणि बिवलकर त्या आवाजावर पळायचा, चेंडूकडे न बघता. लोक म्हणत होते, काय विश्वास आहे दोघांचा एकमेकांवर. दोनदा त्यानं फळी अशी हलकी फिरवली की चेंडू हिरवळीवरून न वाजता गेला आणि मैदान पुन्हा उभं राहिलं. एकदा चेंडू उसळून त्याच्या बरगडीत बसला. कॉलेजवाल्यांनी श्वास आत ओढला.

बिवलकरानं फळी जमिनीला टेकवली आणि उभा राहिला.

"लागलं त्याला," राहीबाई म्हणाली.

"लागतंय," मानसिंग म्हणाला. "आता रोजच लागतंय."

त्यानंतर थोड्याच वेळात एक चेंडू आला, त्यात विशेष काही नव्हतं, डाव्या अंगाकडून जरा आत वळला. बिवलकराची फळी तो वळायच्या आधी जिथं होता तिथं गेली. मधली काठी पडली. क्षणभर कुणाला काय करावं कळेना. मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. सतरा धावा, कुणीतरी म्हणालं. सतराच.

"पडला की तुझा पैलवान," राहीबाई म्हणाली. पण ते तिनं मोठ्यानं म्हटलं नाही, टोचूनही नाही.

तो परत निघाला तो लिंबाच्या बाजूनंच. खेळाडूंची बसायची इमारत तिकडेच होती, ओसरीला तीन दगडी पायऱ्या. राहीबाईपासून दहा-बारा हातांवर. लोक दुतर्फा टाळ्या पिटत होते. सगळे त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती त्याच्या पायांकडे बघत होती. पहिल्या पायरीपाशी तो थांबला. मागं वळून त्यानं हात वर केला, जणू त्यासाठीच थांबला होता, आणि हात वर असतानाच त्याच्या बुटाचं टोक पायरीची कड शोधत होतं. सापडली. मग दुसरी. मग तिसरी.

त्या पायऱ्यांना कुणी चुना लावलेला नव्हता.

"कवापासनं?" राहीबाईनं विचारलं.

मानसिंगनं तिच्याकडे पाहिलं नाही. "दोन सालं झाली असतील."

"कुणी सांगितलं?"

"सांगतंय कोण? बावीस वर्सं एकाच माणसाकडं बघितल्यावर, त्यानं कुठल्या बाजूला बघायचं सोडलं ते कळतंय की. आधी उभं ऱ्हाणं बदललं. मग जोडीदार ओरडाय लागला. मग माळ्यानं रेघ जाड केली. त्यांच्यात बी कोण कुणाला बोललं नसंल."

"आन् तू? गावभर त्याची कवतिकं सांगत हिंडतोस. हे न्हाई कवा सांगितलंस."

"त्यानं चोळलं न्हाई, वैनी," मानसिंग म्हणाला. "मी कशाला बोंब मारू?"

राहीबाई लिंबाच्या खोडाला टेकून बसली. कनवटीचं कडं टोचत होतं. पडलेल्याला नारळ, असं तात्याबा म्हणायचे. पण तात्याबांनी ती कुस्ती दोन डोळ्यांनी केली होती. समोरच्याचा हात कुठून येतोय हे त्यांना दिसत होतं. हा माणूस दोन वर्षं न दिसणाऱ्या हाताशी खेळत होता, आणि उंबऱ्याच्या आत पाय ठेवून होता.

तिनं पदराची गाठ सोडली. कडं काढून मानसिंगच्या हातात दिलं.  त्यानं फेटा सारखा केला आणि उठला.

ओसरीत वेताच्या खुर्चीवर बिवलकर एकटाच बसला होता, पायाचे बांधलेले जाड पट्टे सोडवत. बाकीची मंडळी मैदानाकडे तोंड करून उभी होती. मानसिंग पायऱ्या चढला. सरळ गेला तर तो बिवलकराच्या डाव्या हाताला पडत होता. तो थांबला. खुर्चीच्या मागून वळसा घालून उजव्या बाजूला गेला आणि तिथं उभा राहून, अंमळ खाकरून, आधी आपलं नाव सांगितलं.

"मी मानसिंग कदम. रहिमतपूरकडला."

लिंबाखाली राहीबाईचा हात तोंडावर गेला.

हे खाकरणं तिच्या ओळखीचं होतं. हे आधी नाव सांगणं आणि हे वळसा घालून उजवीकडे येणंही. चुलीच्या धगीत घाम गाळत भाकरी खाणारा माणूस तिच्या डोळ्यांसमोर आला. हरणाबाई आल्यात, वैनी. अर्जुना आलाय, वैनी. आणि त्या दिवशी दळणाच्या वेळी दारात उभा असलेला. नडगी आपटली त्याच्या दुसऱ्याच दिवशी चुलीच्या ओट्याला पांढरी कड आली होती.

तिकडे ओसरीत बिवलकरानं चेहरा वर केला होता. तो हसत होता.

"तुम्ही लिंबाखालचे ना? लाल फेटा," तो म्हणाला. आवाज बारीक होता, शाळामास्तरसारखा. "या ना, बसा. इतकी वर्षं आलात, कधी वर आला नाहीत."

मानसिंगनं कडं पुढं केलं. बिवलकरानं ते दोन्ही हातांनी घेतलं, बोटं फिरवून त्याची जाडी पाहिली, आतली नक्षी पाहिली.

"अहो, पण हे विजेत्याचं असतं. मला माहीत आहे. आणि मी आज सतराच केल्या."

"आमी मोजाय आलो न्हाई," मानसिंग म्हणाला.

मग त्यानं ते त्याच्या हातात घातलं. मनगटावरून ते सरळ कोपरापर्यंत घसरत गेलं, तिथंही सैलच राहिलं, आणि दोघंही त्याच्याकडे बघत राहिले. बिवलकर खळखळून हसला. नंतर त्यानं हसणं थांबवलं आणि दुसऱ्या हातानं ते कडं कोपरापाशी धरून ठेवलं, पडू नये म्हणून.

*

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी ती दोघं गावात परतली. गाडीत राहीबाई खिडकीशी बसली होती आणि सगळी वाट बाहेरच बघत होती. मानसिंगला वाटलं, कडं गेल्याचं दुःख असेल. त्यानं एकदा विचारून पाहिलं. तिनं त्याला गप्प बसायला सांगितलं.

अंगणात शिरताना वाऱ्यावर गुळाचा वास होता. गोठ्यातून बिवल्या हंबरला. पुढच्या दारात काहीतरी हललं, काहीतरी हिरवं.

"सुला हाय, वैनी," मानसिंग बाजूनं हळू आवाजात म्हणाला. "भाकरतुकडा घिऊन उभी ऱ्हायलीया."

एरवी ती इथं उसळली असती. सुनेनं भाकरतुकडा ओवाळला, पायावर पाणी घातलं, बाजूला झाली आणि सासूच्या तोंडाकडे बघत राहिली, कारण सासूबाई पुढं सरकत नव्हत्या.

राहीबाई उंबऱ्याशी उभी होती. इतक्या दिवसांत जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या पायांनी चुना पुसट झाला होता. मधे तर काहीच उरलं नव्हतं. तिनं पायाचा अंगठा पुढं केला, सावकाश, कुणाचीही भीड न धरता, आणि लाकडाची कड चाचपून पाहिली. इकडून तिकडं. सुला बघत होती. बघू दे. कमरेच्या किल्ल्या एकदा वाजल्या.

मग तिनं आपल्या उजव्या हाताला मान वळवली. तिथं मानसिंग असणारच होता. त्याच्या नखांच्या कडांत अजून चुना होता.

"मान्या," ती म्हणाली, "एवढी वर्सं सरकारचा पगार खाल्लास, पर तुला चुना मारायचं काय जमत न्हाई. रेघ लय बारीक काढतोस."